लीलाबाईचा फळता वेल

कार्तिकाविषयी ज्यांना गोड बोलायचं असेल त्यांनी खुशाल बोलावं. कोवळं ऊन, गवतावरचं दव, पहाटेचा गारवा, सगळं खरं आहे. मी मात्र हा महिना आला की दात-ओठ खाते. परवा दुपारी पुन्हा आभाळ भरून आलं. तुरी फुलोऱ्यावर, कापूस फुटून झाडावर लोंबतोय, हरभरा नुकता मातीबाहेर आलाय, आणि नेमकं अशा वेळी मोबाइलवर निरोप येतो की कुठल्याशा समुद्रात वादळ तयार झालं आहे. आमच्या शिरपूरहून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला दिवस मोडतो. माझ्या शेजारच्या लीलाबाईने तर तो आयुष्यात पाहिलेला नाही. तरी तो दरवर्षी न चुकता इथवर येतो आणि तिच्या वेलांच्या मांडवाला हात घालतो.

पावसाळ्यातला पाऊस मला चालतो. तो हक्काने येतो, त्याच्यासाठी आपण घर शाकारलेलं असतं. कार्तिकातला पाऊस म्हणजे जेवणं उरकून भांडी घासायला घेतल्यावर आलेला पाहुणा. तेही हात हलवत आलेला नाही, दगड घेऊन आलेला. गारा पडून गेल्यावर अंगणात जो वास येतो, फाटलेल्या पानांचा, हिरवा, उग्र, तो लोकांना ताजा वाटतो म्हणे. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. जखम ताजी असली की तिला वास येतो, हे मला माहीत आहे. त्या वासाचं मला कौतुक नाही.

लीलाबाई माझी शेजारीण. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची दोन घरं लागून, दोन परसं लागून, आणि मध्ये कमरेएवढी भिंत. माझं नाव गल्लीत कुणाला आठवत नसावं. निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी सगळे मला सिस्टरच म्हणतात, आणि लीलाबाईही तेच म्हणते. आम्ही बौद्ध. लीलाबाईची सासू होती तोवर आमच्या घरचं पाणी त्या घरात चालत नव्हतं. बी मात्र चालायचं. दोडक्याचं बी म्हातारीने माझ्या हातून घेतलं, पदराला पुसलं आणि दुसऱ्या दिवशी लावलं. तो दोडका त्या घराने पुढे मिटक्या मारत खाल्ला. बी पुसून घेतलं, आता उगवल्यावर दोडकाही पुसणार का, असं मी भिंतीवरून विचारलं होतं. म्हातारी फणफणत आत गेली. मागे नवी सून उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. आमची मैत्री तिथपासूनची आहे.

मैत्री म्हटलं म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही एकमेकींशी गोड बोलत नाही. मी झाडांना पाणी पाजून मारते असं तिचं मत आहे. ती वांग्याची रोपं बसमधल्या गर्दीसारखी लावते असं माझं मत आहे. मी गुडघ्याच्या दुखण्याने पडून होते तेव्हा तिने माझी अख्खी बाग सांभाळली आणि पुढे वर्षभर मला ऐकवलं. ती कापूस वेचायला शेतात जाते तेव्हा तिच्या वाफ्यांना पाणी मी देते आणि मीही ऐकवायची सोडत नाही.

वादळाचा मात्र आमचा एक नियम होता, अजून निम्मा आहे. आभाळ जिला आधी दिसेल तिने भिंतीवर तांब्या वाजवायचा, आणि मग आधी दुसरीचं झाकायचं. मी तिच्या परसात जायचं, तिने माझ्या. हा नियम उगाच झालेला नाही. आपलं झाकताना बाई एका लाडक्या रोपापाशी बसून राहते आणि बाकीची बाग वाऱ्यावर सोडते. दुसरीचं झाकताना डोकं ठिकाणावर असतं. दवाखान्यातही मी गावच्या पोरांना न बघता सुया टोचल्या, पण स्वतःच्या लेकाला टोचायची वेळ आली की दुसऱ्या नर्सला हाक मारायचे. बघणाऱ्यांना मात्र गंमत वाटायची. गारा सुरू झाल्या की दोन म्हाताऱ्या भिंत ओलांडून उलट्या दिशांना पळताना दिसायच्या.

आता विलासविषयी. विलास हा लीलाबाईचा मुलगा. त्याला या जगात मीच आणलं, रात्रभर जागून, आणि पुढे एका सकाळी मला त्या मेहनतीचा पश्चात्ताप झाला, पण ते नंतर. विलासला मागच्या परसात खोल्या बांधायच्या होत्या. शिरपूरला जैन मंदिराच्या दर्शनाला लांबून माणसं येतात, त्यांना उतरायला जागा लागते. विलासच्या दोन मुली शिकणाऱ्या. सोयाबीनवरचा त्याचा विश्वास उडालेला होता आणि यात्रेकरूंवर बसलेला होता. माणूस वाईट नाही. पण त्याच्या खोल्यांना लागणारी जागा नेमकी त्याच्या आईच्या बागेची होती, आणि त्या घरात लीलाबाईची म्हणावी अशी दुसरी जागा नव्हती. स्वयंपाकघर सुनेचं, ओसरी नातींच्या अभ्यासाची, शेत विलासच्या नावावर. मातीचा तो चौकोन गेला तर तिने दिवसभर बसायचं कुठे आणि कुणाची म्हणून, हा प्रश्न होता.

तिने तो आपल्या पद्धतीने सोडवला होता. आमच्याकडे फळता वेल तोडत नाहीत. घरातल्या गर्भारशीला उंबऱ्याबाहेर काढावं तसं ते मानतात. विलास देवभोळा, उपासतापास करणारा. त्याच्या हातून ते होणार नाही हे लीलाबाईला ठाऊक होतं. म्हणून तिने परसात कायम काहीतरी फळत ठेवलं. आषाढात वाल लावायचा, तो कार्तिकापासून शेंगा देत माघापर्यंत चालतो. वाल संपायच्या आत कारल्याला कळ्या आल्या पाहिजेत. कारलं थकायच्या आत दोडका. एक वेल वाळला आणि दुसरा फळायचा आहे, असा मोकळा दिवस तिने वर्षानुवर्षं येऊ दिला नाही. एखाद्या वेळी तिचं कारलं मागे पडलं तर मी माझं फळतं रोप मुळासकट काढून भिंतीवरून द्यायचे, आणि ती ते संध्याकाळपर्यंत मांडवावर चढवायची. विलास दर दोन महिन्यांनी मागच्या दारात येऊन उभा राहायचा, मांडवाकडे बघायचा, आणि चहा पिऊन निघून जायचा. असं शांत भांडण मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या वर्षीचा कार्तिक मी विसरणार नाही. तुळशीची लग्नं गल्लीत लागत होती. लीलाबाईच्या वालाला पहिला बहार आलेला, जांभळी फुलं, त्यांत टाचणीएवढ्या शेंगा. माझ्याकडे मी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी खांबांचा नवा मांडव करून घेतला होता आणि त्यावर दुधी सोडला होता. तिचा मांडव आपला जुना, बांबूचा, सुतळीने बांधलेला. दोन दिवस धुई होती, म्हणजे दाट धुकं. तिसऱ्या दिवशी उकडायला लागलं, कार्तिकात पंखा लावावा लागला, आणि वारा एकदम पडला. मी म्हटलं, आलं.

तांब्या तिने वाजवला. मी भिंतीशी गेले तर ती बांबू हलवून बघत होती. म्हणाली, तुझा लोखंडाचा आहे, त्याला माझा बांध. मलाही ते पटलं. मी नायलॉनचा दोर आणला आणि आम्ही दोघींनी मिळून भिंतीवरून दोन्ही मांडव एकमेकांना करकचून बांधले. बांधताना आम्ही खूश होतो. दोघींनी एकमेकींना आधार दिला असं काहीतरी छान वाटत होतं. मग नियमाप्रमाणे ती माझ्या परसात गेली, मी तिच्या.

आमची माती काळी. कोरडी असते तेव्हा पहारीला दाद देत नाही, आणि ओली झाली की शिऱ्यासारखी. बांबूचा मांडव वाऱ्यात वाकतो, करकरतो, झुलतो आणि उभा राहतो, हे आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. लोखंड झुलत नाही. आधी बोरांएवढ्या गारा आल्या, मग वारा आला, दुधीच्या पानांत शिरला, आणि माझा तो महागडा मांडव खांबांसकट मातीतून उपटून निघाला. पडताना त्याने दोर ओढला. लीलाबाईचा बांबू वाकायला बघत होता, पण दोराने त्याला वाकू दिलं नाही. तो मोडला, आणि अख्खा वाल भिंतीवर आपटून फाटला. मी तिच्या परसात तिचा खांब मिठीत धरून उभी होते. ती माझ्या परसात होती, खांब पडताना उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. मधल्या भिंतीपाशी आम्ही एकमेकींकडे बघितलं. डोक्यावर गारा पडत होत्या आणि दोघींपैकी एकीलाही आत जायचं सुचत नव्हतं.

मग आम्ही भांडलो. तसं भांडण आधी कधी झालं नव्हतं.

"तुह्या लोखंडानं माहा मांडव खाल्ला," ती म्हणाली.

"बांध म्हनून तूच म्हनली होती," मी म्हटलं.

"मले काय समजते लोखंडातलं? तुले समजाले पायजे होतं."

यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने जे उत्तर दिलं तेही नाही. तिचं म्हणणं चूक नव्हतं आणि माझंही नव्हतं, आणि दोघींना तेच सहन होत नव्हतं. खरा राग आभाळावर होता, पण आभाळाला शिव्या घालून समाधान होत नाही, समोर ऐकणारं माणूस लागतं. मी आत आले, ओलं लुगडं बदललं आणि दार लावून रडले. माझा दुधी गेला म्हणून नाही. आता विलास येईल, आणि भिंतीवरून द्यायला माझ्याकडेही फळतं काही उरलं नाही, म्हणून.

तो सकाळीच आला, मिस्त्रीला घेऊन, हातात टेप. आकाश धुतल्यासारखं निळं होतं, म्हणजे काल काही झालंच नाही असं तोंड करून. तुरीच्या फुलांचा पिवळा सडा वाहत येऊन गल्लीच्या नालीत साचला होता. मी भिंतीपाशी उभी होते, पण लीलाबाई माझ्याकडे बघत नव्हती. ती चिखलात बसून वालाचे फाटके वेल सोडवत होती.

"आई, आता तं कायी फयून नाई राह्यलं," विलास म्हणाला. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

लीलाबाईचे हात थांबले नाहीत. ती पानं बाजूला करत गेली. एक वेल, दुसरा वेल, सगळे सोललेले. भिंतीच्या बुडाशी, जिथे गारा पोहोचल्या नव्हत्या तिथे, तिला ती सापडली. एक शेंग. कवळी, बोटाच्या पेराएवढी, टोकाला वाळलेलं फूल अजून चिकटलेलं. मूळ शाबूत होतं, वेल ओला होता, शेंग धरलेली होती. तिने तो वेल हलकेच उचलून त्याच्यापुढे धरला आणि पहिल्यांदा वर बघितलं.

विलास उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, जिंकली. मग त्याने दोन बोटांनी ती शेंग खुडली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

"घे. आता नाई फयत."

मघाशी ज्या पश्चात्तापाविषयी म्हटलं तो हा. मी भिंतीवरून त्याला काय काय म्हटलं ते त्या मिस्त्रीने पुढे गावभर सांगितलं. विलास मान खाली घालून ऐकत राहिला आणि टेप उलगडत राहिला. लीलाबाई चिखलातून उठली. मूठ मिटली आणि आत गेली. कवळ्या शेंगेत बी धरलेलं नसतं. ती ना लावायच्या कामाची, ना भाजीच्या.

माणसाचा राग मला समजतो. लीलाबाईचं त्यानंतरचं गप्प राहणं मला समजेना. खोल्या उन्हाळ्यापर्यंत उभ्या राहिल्या, वर सपाट स्लॅब पडला, बाजूने जिना निघाला. लांबून आलेली माणसं उतरू लागली. चांगली माणसं, पहाटे उठून दर्शनाला जाणारी, जमिनीखाली वाढलेलं काही न खाणारी. लीलाबाई ओसरीच्या कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसायची. त्या हातांना काम नाही हे बघवत नसे. मी भांडण विसरले होते, तीही विसरली असावी. मी तिला माझं अर्धं परस देऊ केलं, अगदी मधे विटा लावून वेगळं करून. म्हटलं, तुझं तू बघ, मी पाय ठेवणार नाही.

"तुही जागा तुही हाय, सिस्टर," ती म्हणाली. "मी कायले पाहुनी म्हनून लावू?"

मला राग आला. पण रात्री विचार केला तेव्हा कळलं की तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मृगाच्या आधी एक दिवस ती मागच्या बाजूला दिसली. पाया खणताना निघालेल्या मातीचा ढीग खोल्यांच्या मागे तसाच पडून होता. त्यातली माती ती सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत भरत होती. विलासच्याच सिमेंटच्या पिशव्या, तिच्याच बागेची माती. मला वाटलं, दारात चार फुलझाडं लावत असेल. तिने पिशवी कमरेवर घेतली आणि जिना चढू लागली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चपला न घालता तिकडे गेले आणि घमेलं उचललं. आम्ही दोघींनी ते काम पाऊस लागायच्या आत संपवलं. जिन्यावर एकमेकींना शिव्या देत, दम खात. विलास शेतात होता. सुनेने पाहिलं, पण तिने आम्हाला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि म्हातारीची आठवण काढून हसले.

पहिल्याच कार्तिकात स्लॅबवर वाल फळला. उंचावरचं ऊन, मोकळी हवा, खाली होता त्यापेक्षा दुप्पट जोर. यात्रेकरूंच्या खोलीच्या छताला ओल आली, मग थेंब पडू लागले, एका कुटुंबाने रात्री खाट सरकवली. विलास तणतणत वर गेला. त्याच्यामागे मीही गेले, कारण अशा वेळी साक्षीदार असलेला बरा. समोर मांडव उभा, जांभळ्या फुलांनी भरलेला, आणि शेंगांचे घोस लोंबलेले. एक शेंग खुडणं त्याला जमलं होतं. अख्खा मांडव खुडायला बसला असता तर दिवस मावळला असता, आणि गच्चीवर बसला असता तर गल्लीने पाहिलं असतं. तो उभा राहिला, मांडवाकडे बघितलं आणि खाली उतरला. पण या वेळी चहा प्यायला थांबला नाही.

यात जिंकलं कोण, ते मला सांगता येत नाही. छत अजून गळतं. मायलेकांचं बोलणं कामापुरतं आहे. आणि वर वारा खालच्या दुप्पट लागतो. जमिनीवर निदान घरं आडवी यायची, भिंत आडवी यायची. स्लॅबवर लीलाबाई आणि वादळ यांच्यामध्ये काही नाही. प्रत्येक कार्तिकात मी तो जिना चढते तेव्हा मनात येतं की ही बाई एक दिवस मांडवासकट उडून जाईल. मी तिला तसं सांगते. ती म्हणते, मग खाली पडेन तेव्हा पट्टी बांधायला तू आहेसच.

परवाही तांब्या वाजला. मी स्वतःची मिरचीची रोपं उघडी टाकून तिच्या जिन्याला लागले. पूर्वेकडून काळं येत होतं, बस स्टँडवरच्या झाडांत बगळे आधीच दडून बसलेले. वर लीलाबाई सुतळ्या सैल करत होती. आता आम्ही मांडव कशालाच बांधत नाही. वाऱ्यात त्याला झुलू देतो आणि दोन टोकांना दोघी धरून उभ्या राहतो, तो झुकेल तिकडे झुकत. मी माझा बांबू धरला. पहिला थेंब मानेवर पडला, बर्फासारखा. मी त्या समुद्राला, तो जिथे कुठे असेल तिथे, मोठ्याने एक शिवी दिली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. विलास वर आला होता, मागे मिस्त्री. मला वाटलं, आईला मदत करायला आला. त्याच्या हातात टेप होता. वाऱ्याने टेपची पट्टी फडफडत होती, मिस्त्री ती पायाखाली दाबायला बघत होता. विलासने घसा खाकरला आणि सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात वर अजून दोन खोल्या काढायच्या आहेत, माणसं परत जातात, जागा पुरत नाही. आईकडे बघून सांगितलं नाही, मांडवाकडे बघून सांगितलं.

लीलाबाईने सुतळीची गाठ संपवली. बांबूला पाठ लावली, पाय रोवले.

"बांध ना, बापा," ती म्हणाली. "किती मजले बांधतं तितले बांध. मी वरच जात राहीन."

मिस्त्रीने टेप गुंडाळला. मला तिला सांगायचं होतं की आणखी एक जिना माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि हे ठरवताना तिने मला विचारायला हवं होतं. पण गारा सुरू झाल्या होत्या, मांडव माझ्या बाजूला झुकला होता, आणि मीही झुकले होते.